जुनी माझ्दा आरएक्स-८: रिकॉलचे काम फुकट होते, इंजिनाचे नाही

२००३ ते २०१२ या काळात तयार झालेली माझ्दा आरएक्स-८ ही स्पोर्ट्स कार अमेरिकेतील जुन्या गाड्यांच्या बाजारात आश्चर्य वाटावे इतक्या कमी भावात मिळते. मॅन्युअल गिअरच्या गाडीत नऊ हजार आरपीएमपर्यंत मऊसूत चढणारे १.३ लिटरचे रोटरी इंजिन (पिस्टनऐवजी दोन त्रिकोणी रोटर फिरणारे) आणि हलके, नेमके स्टिअरिंग अनुभवले की हा भाव पटत नाही. गाडीची कागदपत्रे आणि इंजिन नीट तपासले की पटतो.

तिच्यावर निघालेले सुरक्षा रिकॉल, म्हणजे दोष दुरुस्त करण्यासाठी कंपनीने गाड्या परत बोलावणे, किरकोळ नाहीत. टकाटा कंपनीच्या एअरबॅगमधील, ती फुगवणारे अमोनियम नायट्रेट उष्ण, दमट हवेत वर्षानुवर्षे राहून बिघडते आणि एअरबॅग उघडताना इन्फ्लेटरचे (फुगवणाऱ्या भागाचे) धातूचे कवच फुटून त्याचे तुकडे बसणाऱ्याच्या अंगावर येऊ शकतात. शिवाय सुरुवातीच्या गाड्यांत इंजिन व एक्झॉस्टच्या उष्णतेने फ्युएल पंपाची सील रिंग तडकून पेट्रोल गळण्याचा धोका आढळला, तर २००४च्या मॉडेलमध्ये पुढच्या सस्पेन्शनचा खालचा बॉल जॉइंट (चाकाकडचा फिरता सांधा) निखळण्याची शक्यता दिसून आली. ही कामे अधिकृत डीलर विनामूल्य करतो, गाडी कितव्याही मालकाकडे असो. एनएचटीएसए या अमेरिकी वाहन-सुरक्षा संस्थेच्या संकेतस्थळावर गाडीचा व्हीआयएन (ओळख क्रमांक) टाकला की कोणते काम राहिले आहे ते कळते. एअरबॅगचे काम राहिलेली गाडी चाचणीपुरतीही चालवू नये, असे माझे मत आहे.

खरी गोम इंजिनात आहे. रोटरच्या तिन्ही टोकांवरील एपेक्स सील (फट बंद ठेवणाऱ्या पट्ट्या) झिजले की कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, उतरते, आणि थंड असताना सहज सुरू होणारे इंजिन गरम झाल्यावर स्टार्टर कितीही फिरवला तरी लवकर सुरू होत नाही. तक्रारी वाढल्यावर कंपनीने अमेरिकेत २००४ ते २००८च्या गाड्यांसाठी इंजिनाच्या मुख्य भागाची वॉरंटी आठ वर्षे किंवा एक लाख मैलांपर्यंत वाढवली. मात्र तो रिकॉल नव्हता आणि ती मुदत केव्हाच उलटून गेली. सील ओले राहावेत म्हणून हे इंजिन मुळातच थोडे ऑइल जाळते, त्यामुळे “माझी गाडी ऑइल पीतच नाही” असे अभिमानाने सांगणाऱ्या विक्रेत्याकडे मी संशयानेच पाहीन.

म्हणून गाडी पूर्ण गरम करून, बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी आणि दोन्ही रोटरांच्या तिन्ही बाजूंचे आकडे वेगवेगळे दाखवणाऱ्या रोटरी टेस्टरवर कॉम्प्रेशन मोजून घ्यावे. साध्या गेजवर सर्वांत सशक्त बाजूचाच आकडा दिसतो आणि खराब बाजू झाकली जाते. विक्रेता ही तपासणी करू देत नसेल, तर इंजिन नव्याने बांधण्याचा पूर्ण खर्च वजा करूनच भाव सांगावा.