हँगिंग कुंडीतला मनी प्लांट : आठ महिन्यांच्या वापरानंतर

नर्सरीतला साधा पिवळ्या छटांचा मनी प्लांट, ८ इंची हँगिंग कुंडी, पूर्वेची खिडकी, जून ते जानेवारी. झाड जगतंच, त्याची काळजी नको. खरी पंचाईत चौथ्या-पाचव्या महिन्यात दिसते: खाली चार फूट वेली लोंबतात आणि वर कुंडीचं तोंड टकलं!

बहुतेक जण इथे खत वाढवतात. चूक बहुधा हुकाच्या जागेत असते. फ्लॅटमध्ये हुक छताला, साधारण साडेनऊ फुटांवर. खिडकी सात फुटांवर संपते. म्हणजे वेलीच्या टोकांना उजेड आणि कुंडीच्या मातीवर अंधार. अंधारातले डोळे (वेलीवरच्या कोंब फुटण्याच्या जागा) फुटत नाहीत, जुनी पानं एकेक करून गळतात. साखळी वाढवून कुंडीचा काठ सहा फुटांवर आणला की दीड-दोन महिन्यांत बुडाशी फुटवे दिसू लागतात. ऊन सकाळचं कोवळं चालतं. दुपारच्या उन्हाने पानं भाजून तपकिरी चट्टे पडतात.

दुसरा इलाज कात्रीचा, आणि तो जिवावर येतो. तरी कराच. वेल कुंडीच्या काठाखाली दोन पेरं (पान जिथून फुटतं ते सांधे) ठेवून छाटायची. छाटलेल्या भागाचे तुकडे करायचे, प्रत्येकाला एक पान आणि एक पेर. पेराशी तपकिरी, टोकदार गाठ दिसते, ते हवाई मूळ. काप त्याच्या अर्धा इंच खाली घ्यायचा. पेर नसलेलं नुसतं पान पाण्यात महिनोन्‌महिने हिरवं राहतं, पण त्याला वेल कधीच फुटत नाही. पाण्यात १०-१५ दिवसांत मुळं सुटतात. ती दोन इंचांची झाली की सहा-सात तुकडे त्याच कुंडीच्या मधल्या रिकाम्या जागेत लावायचे. छाटायचं नसेल तर एक लांब वेल मातीवरच गोल फिरवून, अंबाड्याला लावतात त्या यू-पिनांनी पेरापाशी दाबून टाकावी. तिथेच मुळं धरतात.

लोंबत्या वेलीची पानं पुढेपुढे लहान होत जातात, हा दोष नव्हे. पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा हा मूळचा झाडावर चढणारा वेल. मोठी पानं हवीत तर त्याला काथ्याची काठी द्यावी लागते.

नर्सरीची लाल माती सुकली की दगड होते आणि पाणी कडेने निघून जातं. माती २ भाग, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) २, गांडूळखत १, पर्लाइट (पांढरे, हलके खडे) १ हे मिश्रण उत्तम चाललं. कुंडीच्या बुडाला बसवलेली ताटली मात्र काढून टाका, पावसाळ्यात मुळं कुजतात ती तिथे साचलेल्या पाण्याने. वरची दोन इंच माती कोरडी झाल्यावरच पाणी: पावसाळ्यात १०-१२ दिवसांनी, ऑक्टोबरच्या उकाड्यात ४-५ दिवसांनी. पानं मलूल झाली तर आधी कुंडी उचलून पाहा. हलकी लागली तर तहान; जड असूनही मलूल तर मुळं कुजली आहेत. मग झाड उपसून काळी, बुळबुळीत मुळं कापा आणि कोरड्या मिश्रणात लावा.

देठाच्या बेचक्यात पांढरा कापूस दिसला तर ती मिलीबग नावाची कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कानकाडीने टिपून काढा, आठवड्याने पुन्हा पाहा.

घरात मांजर किंवा रांगतं मूल असेल तर वेलींची टोकं त्यांच्या हाती लागू देऊ नका. पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. चावल्यावर तोंडाची आग होते, सूज येते.