ठाण्याहून जर्मनीतले किल्ले बघायला निघालात? मग नॉर्डलिंगेन आणि मार्क्सबर्ग आधी धरा

पहिल्यांदाच सांगून टाकते, न्यूश्वानस्टाईनचा रिव्ह्यू शोधत असाल तर तो इथे नाही. त्या राजवाड्याचं काम सुरू झालं 1869 ला, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावायला लागून सोळा वर्षं होऊन गेली होती. दिसायला देखणा आहे, फोटो मस्त येतात, पण तिथे कुणी कधी लढायला उभं राहणार नव्हतं. आम्ही घरचे सगळे गडकिल्लेवाले, माहुलीचा किल्ला आमच्या घरापासून जवळ म्हणून वर्षानुवर्षं तिथेच चढउतार केलेली, त्यामुळे आमची परीक्षा सोपी होती. तटावर चालायला मिळतं का, आणि हा किल्ला शत्रूला नेमका कुठे अडवायचा ते जागेवर उभं राहून कळतं का? या दोन प्रश्नांवरच खाली मार्क दिलेत.

आधी ठाण्यातल्याच एका टूरवाल्याकडे चौकशी केलेली. त्यांच्या प्लॅनमध्ये रोथेनबर्ग या तटबंदीवाल्या गावात बसमधून उतरायचं, चौकात फोटो, शॉपिंग, परत बस, आणि तटबंदीचं नावच नाही. मी विचारलं तर म्हणाले मॅडम तिथे बघण्यासारखं काही नसतं, सगळे चौकातच थांबतात. तिथेच ठरवलं की स्वतःच करायचं आणि ते फार बरं झालं. मुंबईहून फ्रँकफर्टला थेट फ्लाइट आहे, पुढे सगळं लोकल ट्रेनने. डॉइचलांड टिकेट म्हणून महिन्याचा पास मिळतो, 2025 मध्ये 58 युरो होता, 2026 पासून 63 झालाय, त्यात देशभरातल्या सगळ्या रिजनल ट्रेन, बस, ट्राम येतात, फक्त आयसीई, आयसी वगैरे फास्ट गाड्या नाहीत. पण हा पास सबस्क्रिप्शनवर असतो, आपण कॅन्सल करेपर्यंत दर महिन्याला पैसे कापले जातात, त्यामुळे 10 तारखेच्या आत कॅन्सल करायचं हे मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा.

आता नॉर्डलिंगेन. पाचपैकी पाच, आणि सहा देता आले असते तर सहा दिले असते. बव्हेरियातलं छोटंसं गाव, म्युनिकहून येताना बहुतेक वेळा डोनाउवर्थला गाडी बदलावी लागते. गावाभोवती गोल तट आहे, सुमारे 2.7 किलोमीटरचा, आणि त्याची फांजी, म्हणजे तटावरून चालायची वाट, सलग आहे, एका दरवाजातून चढलात की पूर्ण गावाला फेरी मारून त्याच दरवाजात परत येता. मध्ये कुठे पडझड नाही, उतरून रस्त्याने वळसा घालायला लागत नाही. जर्मनीत असा पूर्ण चालता येणारा तट हा एकच. वर कौलारू छप्पर, त्यामुळे पाऊस आला तरी फिरणं थांबत नाही. आणि तिकीट शून्य! पाच दरवाजे आहेत, बाल्डिंगर, बर्गर, राइमलिंगर, डाइनिंगर, लोप्सिंगर, त्यातल्या लोप्सिंगर दरवाजाच्या बुरुजात तटबंदीचंच म्युझियम आहे.

चालताना एका हाताला जंग्या, म्हणजे मारा करायला तटात ठेवलेली भोकं, त्यातून बाहेरचं बघायचं, आणि दुसऱ्या हाताला लोकांची परसदारं. खरंच. तटाच्या भिंतीलाच टेकून छोटी छोटी घरं बांधलीयत, दोरीवर कपडे वाळतायत, कुणी झाडांना पाणी घालतंय. माझे बाबा, गुडघ्याचा त्रास असलेले, ते एका जंगीपाशी इतका वेळ थांबले की मला वाटलं पाय दुखतोय, तर ते हात आत घालून दगडाचा उतार कसा दिलाय ते बघत होते. वर जायच्या पायऱ्या सोडल्या तर पुढे फार चढउतार नाही म्हणून त्यांना पूर्ण फेरी जमली.

यानंतर चर्चचा डॅनियल टॉवर चढाच, 90 मीटर उंच, साडेतीनशे पायऱ्या, वर थोडे पैसे भरायचे. (बाबा खाली बाकावर बसले.) वरून कळतं की गावात एकात एक दोन गोल आहेत. आतला गोल म्हणजे जुन्या तटाची रेघ, तिथे आता रस्ते आहेत. 1327 मध्ये लुडविग राजाने नवा तट बांधायला लावला तेव्हा गाव जवळपास चौपट झालं. आणि त्याहीपलीकडे क्षितिजावर टेकड्यांचं कडं दिसतं, ती आहे उल्का पडून झालेल्या विवराची कड, सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीची, पंचवीसेक किलोमीटर रुंद. चर्चचा दगडही त्याच धडकेत तयार झालेला, त्यात अतिसूक्ष्म हिरे आहेत, आणि अपोलो 14 चे अंतराळवीर 1970 मध्ये दगड ओळखायला शिकण्यासाठी इथेच आले होते. आपल्या लोणारची आठवण येणारच. रात्री दहा ते बारा दर अर्ध्या तासाने टॉवरवरचा पहारेकरी अजूनही हाळी देतो, त्यामुळे मुक्काम गावातच करा, दिवसात उरकून निघालात तर हे ऐकायलाच मिळणार नाही.

दुसरं मार्क्सबर्ग, ऱ्हाइन नदीवर ब्राउबाख गावाच्या डोक्यावर. कोब्लेन्झहून ट्रेनने थोडक्यात पोचता, मग अर्धा तास चढ. मधल्या ऱ्हाइनच्या काठावर डोंगरी किल्ले रांगेने आहेत, पण कधीही न पाडला गेलेला हा एकटाच. बाकीचे बहुतेक फ्रेंचांनी उडवले आणि 19 व्या शतकात हौसेने परत बांधले, त्यामुळे जे दिसतं ते खरं किती आणि नंतरचं किती हे कळत नाही. इथे तो प्रश्न येत नाही. 1945 मध्ये समोरच्या काठावरून अमेरिकन तोफांचा मारा झाला, नुकसान झालं, पण किल्ला टिकला. 1900 पासून तो जर्मन किल्ले संघटनेकडे आहे आणि तिचं मुख्य ऑफिस याच किल्ल्यात आहे, त्याचा फरक जागोजागी जाणवतो.

आत गाइडसोबतच सोडतात, आणि इंग्रजी टूर दिवसातून मोजक्याच, तेव्हा वेबसाइटवर वेळ बघूनच चढा. एकामागून एक दरवाजे लागतात, प्रत्येक ठिकाणी वळण आणि वरून मारा करायची सोय, आणि मग खडकातच खोदलेल्या रुंद पायऱ्या, घोड्यावरून चढता यावं म्हणून तशा. पायाखालचा दगड ओबडधोबड आहे, चप्पल घालून जाऊ नका. वर तोफांची मोठी रांग थेट नदीवर रोखलेली, तिथे उभं राहिलं की जकात न देता नाव पुढे का जाऊ शकत नसेल ते सांगावं लागत नाही. मोठ्या दालनाच्या भिंतीबाहेर काढलेला संडास बघून बाबा एकदम खूश, म्हणे राजगडावरचा शौचकूप बघितलाय, आता हा पण बघितला. आमच्या गाइड बाई इतकं मन लावून सांगत होत्या की टूर संपल्यावरही दहा-बारा लोक त्यांना प्रश्न विचारत उभे होते. साडेचार. अर्धा कापला कारण गाइडशिवाय रेंगाळता येत नाही.

रोथेनबर्ग सगळ्यांना माहितीये, गर्दीही तेवढीच. पण गर्दी चौकात आणि दुकानात असते, तटावर नाही! सकाळी लवकर किंवा बसेस गेल्यावर संध्याकाळी चढा, हाही फुकट. 31 मार्च 1945 च्या बॉम्बहल्ल्यात गावाचा सुमारे 40 टक्के भाग गेला, पूर्वेकडचा तटही कोसळला. नंतर अमेरिकेच्या युद्धखात्यातले बडे अधिकारी मॅक्लॉय यांनी तोफांचा मारा थांबवला म्हणून उरलेलं वाचलं, त्यांच्या आईने हे गाव आधी बघितलेलं होतं असं सांगतात. पडलेला तट परत बांधताना जगभरातून लोकांनी मीटरच्या हिशोबाने पैसे दिले आणि त्यांच्या नावांचे दगड भिंतीत बसवलेत, जपानी नावं तर खूप. मी बराच वेळ नुसती नावंच वाचत चालले होते. आपल्याकडे दर रविवारी गडावर जाऊन दगड रचणारी, टाकी साफ करणारी पोरं आहेत, 2025 मध्ये आपले 12 किल्ले युनेस्कोच्या यादीतही गेले, तर असा मीटरभर तट आपल्या नावाने उभा करायची सोय इथेही का नको? मी आनंदाने पैसे देईन. ते असो. दक्षिणेकडचा इंग्रजी आठच्या आकड्यासारखा श्पिटाल बुरुज चुकवू नका, आणि पश्चिमेच्या बुर्गटोरमध्ये मोठ्या दारातच एक माणूस जेमतेम जाईल एवढा दिंडी दरवाजा आहे तोही बघा. चार मार्क.

बर्ग एल्ट्झला साडेतीन, आणि हे लिहिताना जीवावर येतंय कारण बाहेरून याच्याइतका सुंदर किल्ला मी पाहिलेला नाही. मोझेलकर्न स्टेशनवरून जंगलातून ओढ्याच्या कडेने पाचेक किलोमीटर चालत गेलो, अचानक झाडी संपते आणि समोर तो उभा. एकाच घराण्याकडे आठशेहून जास्त वर्षं आहे, भावाभावांत वाटण्या झाल्या तरी तिन्ही शाखा एकाच अंगणाभोवती आपापले वाडे चढवत राहिल्या. पण आतली टूर 40 मिनिटांची, फोटो बंद, मागचा ग्रुप येतोच म्हणून पुढे चला पुढे चला. तटावर फिरणं नाहीच. समोरच्या टेकाडावर मात्र ट्रुट्झएल्ट्झचे अवशेष आहेत, 1331 पासूनच्या भांडणात ट्रियरच्या आर्चबिशपने एल्ट्झवर दगडांचा मारा करायला तिथे छोटा किल्ला बांधला होता, तिथून खाली बघितलं की एल्ट्झ कुठून कमजोर होता ते लगेच समजतं. वेळ तिथे द्या. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी पार्किंगवरून शटल बस घ्यावी. हिवाळ्यात बंद असतो, साधारण एप्रिल ते ऑक्टोबर उघडा.

खाण्याचं फार टेन्शन नको. शाकाहारी असाल तर केझेश्पेट्झले म्हणजे चीज घातलेले मऊ नूडल्स जवळपास कुठेही मिळतात, बेकऱ्या उत्तम. पण रविवारी दुकानं बंद, त्यामुळे शनिवारीच फळं-ब्रेड घेऊन ठेवा. सुटी नाणी जवळ ठेवा, पब्लिक टॉयलेटला लागतात.

दिवस कमी असतील तर एल्ट्झ सोडा, नॉर्डलिंगेनचा मुक्काम सोडू नका. आणि एखादा दिवस हाताशी राहिला तर ऱ्हाइनवरच बाखाराखला जा, तिथला श्टालेक किल्ला यूथ हॉस्टेल आहे, रात्री किल्ल्यातच झोपता येतं, बुकिंग मात्र खूप आधी करा.