सीओएस खरं होतं, नोकरी नव्हती

मिरजेत जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स करून मी तिथल्याच एका हॉस्पिटलात नोकरीला होते. 2023 मध्ये एका एजन्सीमार्फत इंग्लंडला केअर वर्कर म्हणून गेले आणि फसले गेले. आमच्या भागातल्या मुली अजूनही असल्या एजंटांकडे जातायत, म्हणून हे लिहितेय. सगळ्यांना भीती असते ती खोट्या कागदांची. माझे सगळे कागद खरे होते.

तिथे कामाचा व्हिसा हवा असेल तर कंपनीकडे होम ऑफिसचं, म्हणजे तिथल्या गृहखात्याचं स्पॉन्सर लायसन्स लागतं, परदेशी कामगार आणायचा परवाना. मग ती कंपनी आपल्या नावाने सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप, म्हणजे सीओएस काढते. एजंटने सरकारी यादीत कंपनीचं नाव दाखवलं. सीओएसवर आठवड्याला साडेसदतीस तास काम आणि वर्षाला 20,960 पौंड पगार होता. व्हिसाही रीतसर लागला. एजंटने ‘सीओएसचा खर्च’ म्हणून बारा लाख घेतले, बहुतेक रोख. वडिलांनी त्यासाठी पतसंस्थेचं कर्ज काढलं. पावती मिळाली ती फक्त ‘डॉक्युमेंटेशन’ची. सीओएसची सरकारी फी तेव्हा 199 पौंड होती, म्हणजे वीस हजारांच्या आसपास! 2024 च्या अखेरपासून तर कंपनीला ती फी कामगाराकडून वसूल करायलाच बंदी आहे.

तिथे पोचल्यावर मॅनेजर म्हणाली, आधी ट्रेनिंग होऊ दे. मग म्हणाली, घरोघरी जायचं काम आहे, इथलं ड्रायव्हिंग लायसन्स आणि स्वतःची गाडी हवी. मुलाखतीत गाडीचं नावही निघालं नव्हतं. रविवारी संध्याकाळी मोबाईलच्या ॲपवर पुढच्या आठवड्याचा रोटा यायचा. सोमवार ते रविवारचे रकाने, त्यात कुणाकडे, किती वाजता जायचं ते लिहिलेलं असतं. आमचे रकाने कोरे. कधीतरी मंगळवारी एखाद्या आजींकडे अर्ध्या तासाची भेट, आणि पगार तेवढ्याच अर्ध्या तासाचा. खोलीत आम्ही चौघी. घर कंपनीच्याच माणसाचं, त्यामुळे भाडं मात्र दर आठवड्याला चुकत नव्हतं. कितीतरी वेळा आम्ही गुरुद्वाऱ्यात लंगरला जेवलो.

काम मागितलं की एकच उत्तर, ‘सीओएस कॅन्सल करू का?’ व्हिसा त्या कंपनीशी बांधलेला असतो. दुसरीकडे पूर्णवेळ काम करायचं तर नवा स्पॉन्सर, नवं सीओएस, नवा अर्ज. या लोकांचा सगळा धंदा त्या भीतीवर चालतो.

हे फक्त आमच्याच बाबतीत झालं असंही नाही. ब्रिटनच्या इमिग्रेशन विभागाचे माजी स्वतंत्र निरीक्षक डेव्हिड नील यांचा अहवाल मार्च 2024 मध्ये प्रसिद्ध झाला. अस्तित्वातच नसलेल्या एका केअर होमला 275 सीओएस दिली गेली होती, आणि लायसन्स घेताना चारच कर्मचारी दाखवणाऱ्या एका कंपनीला 1,234. म्हणून सरकारी यादीत नाव आहे एवढ्यावर कुणी पैसे मोजू नयेत. कंपनीज हाऊस, म्हणजे तिथल्या कंपन्यांच्या सरकारी नोंदणी कार्यालयाच्या साइटवर कंपनी कधी स्थापन झाली, हिशेब काय भरलेत, हे फुकट दिसतं. केअर कंपनी इंग्लंडमधली असेल तर सीक्यूसी या केअर सेवांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर तपासणीचा अहवाल असतो. आमची कंपनी नवी कोरी होती आणि तिची तपासणी एकदाही झालेली नव्हती.

आपल्याकडे 1983 च्या एमिग्रेशन कायद्याप्रमाणे परदेशी भरती करणाऱ्या एजंटकडे सरकारी नोंदणी लागते. ती भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर बघता येते. एजंटला जास्तीत जास्त 30,000 रुपये आणि वर जीएसटी एवढंच घेता येतं. आणि एक गोष्ट घरोघरी पोचली पाहिजे: 22 जुलै 2025 पासून ब्रिटनने परदेशातून केअर वर्कर घेणं बंद केलंय. इथे बसून तो व्हिसा कुणी विकत असेल तर तो सरळसरळ खोटं बोलतोय.

पुढे आमच्या कंपनीचं लायसन्स रद्द झालं. अशा वेळी होम ऑफिसचं पत्र येतं आणि नवा स्पॉन्सर शोधायला साधारण 60 दिवस मिळतात. तिथे अडकलेल्यांनी पत्राची वाट न बघता आपल्या भागातल्या इंटरनॅशनल रिक्रूटमेंट पार्टनरशिपशी बोलावं, ते अशा केअर वर्करना नवा स्पॉन्सर शोधायला मदत करतात. इंग्लंडमध्ये त्यांना सरकारी पैसा याच कामासाठी मिळाला होता आणि मला आत्ताचं केअर होम त्यांच्यामुळेच मिळालं. न मिळालेल्या पगारासाठी एकास (Acas) या नोकरीतल्या तंट्यांवरच्या सरकारी संस्थेच्या हेल्पलाइनवर फुकट सल्ला मिळतो.

एजंटवर आम्ही पोलिसांत तक्रार दिली आहे. पैसे अजून मिळालेले नाहीत. रोख दिलेल्यांनी व्हॉट्सॲपवरचं बोलणं, बँकेतून पैसे काढल्याच्या नोंदी, ‘डॉक्युमेंटेशन’ची पावती, काहीही फेकू नका. आम्ही सगळ्यांनी ते एकत्र करूनच तक्रारीला जोडलंय.