कोळंबीला बेकन गुंडाळताना: संभाजीनगरच्या फ्रीजरमधला माल कसा आहे

संभाजीनगरच्या मोठ्या दुकानांत फ्रोझन कोळंबी आणि बेकन, म्हणजे खारवलेल्या मांसाच्या पट्ट्या, आता एकाच फ्रीजरमध्ये मिळतं. दोन्ही आणायचं, गुंडाळायचं, भाजायचं, एवढीच पाककृती. तरी ताटात बऱ्याचदा येतं ते वरून लिबलिबीत बेकन आणि आत रबर झालेली कोळंबी. यात हाताचा दोष कमी, पाकिटांच्या निवडीचा जास्त.

कोळंबीचं पाकीट उचलून आधी हलवून बघा. आत खडखड वाजलं, दाणे सुटे लागले, तर माल ठीक. सगळ्याचा मिळून एकच गोळा झाला असेल तर तो वाटेत कुठेतरी वितळून पुन्हा गोठलाय. समुद्र इतका लांब, त्यात मे महिन्यात लाईटचा भरवसा नाही, म्हणून एवढं तरी बघाच.

मग वजन. दाण्यांवर बर्फाचा पातळ थर मुद्दाम चढवलेला असतो, त्याने माल सुकत नाही. ते ठीक, पण पैसे मोजायचे ते बर्फाशिवायच्या वजनाचे. समजा 450 रुपयांच्या पाकिटात बर्फासकट 500 ग्रॅम आणि बर्फ जाऊन 400 ग्रॅम माल आहे, तर किलोचा भाव 900 नाही, 1125 पडला. घटकांत आयएनएस 451 दिसलं तर कोळंबीत पाणी धरून ठेवणारं फॉस्फेट आहे. ते पाणी तव्यावर सुटतं आणि बेकन भाजायच्या ऐवजी शिजतं. लिबलिबीतपणा येतो तो इथूनच. 'कुक्ड' लिहिलेलं पाकीट तर या कामाला घेऊच नये, शिजलेली कोळंबी दुसऱ्यांदा शिजली की रबरच होणार.

आकाराचा आकडा पाकिटावर असतो. 16/20 म्हणजे एका पौंडात, म्हणजे 454 ग्रॅममध्ये, 16 ते 20 दाणे. एक दाणा साधारण 23 ते 28 ग्रॅमचा. हाच घ्यावा, फार तर 21/25. स्वस्त पडतं म्हणून 41/50 घेतलं तर दहा ग्रॅमच्या दाण्यावर दहा ग्रॅमचं बेकन चढतं आणि तोंडात नुसतं मीठ येतं. पैठणच्या नाथसागर धरणाचे छोटे झिंगेही याच कारणाने इथे बाद. ते सुक्याला किंवा कालवणाला वापरावेत, तिथे त्यांना तोड नाही.

बेकन पोटाकडच्या मांसाचं, चरबीच्या पट्ट्या दिसणारं, जितकं पातळ मिळेल तितकं घ्यावं. जाड काप गुंडाळीला कुचकामी. चिकन बेकन इथे सहज मिळतं, पण त्यात चरबी कमी, त्यामुळे ते आवळून बसत नाही आणि वळवताना तुकडे पडतात. तेच वापरायचं असेल तर वरून तेलाचा हात फिरवा. डुकराचं वापरणार असाल तर पाहुण्यांना जेवायला बसण्याआधी सांगा.

आता खरी अडचण. कोळंबी तीन-चार मिनिटांत होते, बेकनला त्याच्या दुप्पट-तिप्पट वेळ लागतो. म्हणून बेकन आधी अर्धं करून घ्यायचं. थंड बिडाच्या तव्यावर पट्ट्या पसरा, मंद आचेवर तीन-चार मिनिटं ठेवा. चरबी काचेसारखी दिसायला लागली, पण पट्टी अजून वाकतेय, की उतरवा. कडा कडक झाल्या तर ती पट्टी गुंडाळताना मोडते.

16 कोळंब्यांना 8 पट्ट्या, आडव्या अर्ध्या कापून. कोळंबी रात्रभर फ्रीजमध्ये खाली ठेवून वितळवा, घाई असेल तर बंद पिशवीत घालून थंड पाण्यात अर्धा तास. पाठीवरची काळी शीर राहिली असेल तर काढा. मग कापडाने टिपा, आणि पुन्हा एकदा टिपा. अर्धा चमचा मिरपूड, अर्धा चमचा तिखट, बस. मीठ अजिबात नको. लिंबू आधी चोळलं तर वरचं मांस भुसभुशीत होतं, ते ताटात पिळा. काळा मसाला इथे नको, बेकनच्या तापलेल्या चरबीत तो जळून कडवट होतो.

एकच वेढा, टोकं जेमतेम एकमेकांवर. दुहेरी वेढ्यात आतलं बेकन कच्चंच राहतं. अर्धा तास भिजवलेली टूथपिक टोचा. ओटीजी 200 अंशांवर आधी तापवून, जाळीवर, जोडाची बाजू खाली, 8 ते 10 मिनिटं. मध्ये एकदा उलटा. जाळीखाली ट्रे हवाच, नाहीतर चरबी कॉइलवर पडून घरभर धूर. कोळंबी इंग्रजी 'सी'सारखी वळली की झाली, 'ओ' झाली की जास्त झाली. तव्यावर करायचं तर जोडाची बाजू आधी खाली, मध्यम आचेवर दर बाजूला दोन मिनिटं.

मासा वापरायचा असेल तर सुरमईचे दोन बोटं जाडीचे तुकडे टिकतात. काटे काढलेली मरळही चालते. रोहू-कटल्याच्या मांसात बारीक काटे, बेकनखाली ते दिसतही नाहीत. बासा पाणी सोडतो आणि फुटतो.

एकूण, मोठ्या दाण्याची कोळंबी आणि पातळ बेकन मिळालं तर पैसे वसूल. दोन्हींपैकी एक जरी मनासारखं नसेल तर त्या दिवशी नुसती कोळंबी लसणावर परता. तव्यात उरलेली चरबी मात्र फेकू नका. शिळ्या ज्वारीच्या भाकरीचा कुस्करा, कांदा आणि हिरवी मिरची तिच्यात परता, मीठ चाखूनच घाला.