अभ्यासेतर उपक्रम: आवडीसाठी की प्रवेशासाठी? दहावीनंतर निर्णय घेणाऱ्या पुणेकर कुटुंबांसाठी तुलनात्मक आढावा

अकरावीच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की पुण्यातल्या अनेक घरांत एका प्रश्नावर चर्चा होते. तबला, चित्रकला, नाटक, बुद्धिबळ, गिर्यारोहण यांपैकी जे काही मूल आजवर करत आले, ते पुढची दोन वर्षे चालू ठेवायचे का, आणि ठेवायचे तर ते मुलाला आवडते म्हणून, की पुढच्या प्रवेशाला उपयोगी पडेल म्हणून? माझ्या मते या प्रश्नाचे उत्तर शोधण्याआधी मूल कोणत्या दाराशी जाऊन उभे राहणार आहे, हे पाहिले पाहिजे. बहुतेक घरांमध्ये हे न तपासताच निर्णय घेतला जातो.

पुण्यातल्या विज्ञान शाखेच्या बहुसंख्य विद्यार्थ्यांसमोर दोनच दारे असतात: अभियांत्रिकीसाठी एमएचटी-सीईटी किंवा जेईई आणि वैद्यकीयसाठी नीट. सीईटीत पर्सेंटाइल पाहिले जाते, नीटमध्ये ७२० पैकी मिळालेले गुण पाहिले जातात, आणि गुणवत्ता यादी लावताना विद्यार्थ्याने किती वक्तृत्व स्पर्धा जिंकल्या किंवा किती शिबिरांत स्वयंसेवक म्हणून काम केले याची दखल घेतली जात नाही. या मार्गावरच्या मुलाला ‘प्रोफाइलसाठी’ म्हणून एखाद्या उपक्रमात घालणे म्हणजे जी प्रवेशप्रक्रिया ते पाहणारच नाही तिच्यासाठी त्याचे रविवार खर्ची घालणे होय. अशा मुलाने संध्याकाळी तासभर पेटी वाजवली, तर ती केवळ आवडीसाठीच वाजवलेली असणार, आणि तसे असण्यात काहीही गैर नाही.

शालेय स्तरावर चित्र थोडे वेगळे आहे. इंटरमिजिएट रेखाकला परीक्षेच्या श्रेणीनुसार दहावीत ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय संगीत, नृत्य आणि मान्यताप्राप्त क्रीडास्पर्धा यांनाही राज्य मंडळ ठरावीक अटींवर गुण देते. दहावीच्या टक्क्यांवर अकरावीचे महाविद्यालय ठरत असल्यामुळे हे गुण मोलाचे आहेत, परंतु तेवढ्यासाठी नववीत घाईघाईने चित्रकलेचा क्लास लावणाऱ्या मुलाला आणि पाचवीपासून वही भरून रेखाटने करणाऱ्या मुलाला ते सारख्याच नियमाने मिळतात. म्हणजे या पायरीवर हेतू कोणताही असला तरी फळ एकच असते. पुढच्या पायरीवर मात्र तसे राहत नाही.

उपक्रमांना खरोखर वजन देणारी भारतातली दारे मोजकी आहेत आणि ती बरीच अरुंद आहेत. मद्रास आयआयटीने २०२४-२५ पासून खेळाडूंसाठी आणि २०२५-२६ पासून कलाकारांसाठी प्रत्येक पदवी अभ्यासक्रमात दोन अतिरिक्त जागा ठेवल्या असून त्यांपैकी एक मुलींसाठी आहे. मात्र तेथेही आधी जेईई ॲडव्हान्स्डच्या गुणवत्ता यादीत नाव यावे लागते आणि खेळाडूला राष्ट्रीय किंवा आंतरराष्ट्रीय स्तरावरचे पदक दाखवावे लागते. दिल्ली विद्यापीठात खेळ आणि कलागुणांसाठी वेगळ्या जागा आहेत. पुण्याजवळच लवळे येथे असलेले फ्लेम विद्यापीठ प्रवेश परीक्षेबरोबर विद्यार्थ्याचे लेखन आणि एकूण वाटचाल पाहते. या सर्व ठिकाणी जे मागितले जाते ते दोन वर्षांत उभे करता येत नाही. राष्ट्रीय पदक मिळवणारी जलतरणपटू पहाटे पाच वाजता तलावावर जायला लागली, तेव्हा ती तिसरी-चौथीत होती, आणि तेव्हा प्रवेशाचा विचार कोणाच्याही मनात नव्हता.

परदेशी शिक्षणाचा विषय मी थोडा विस्ताराने मांडतो, कारण ‘प्रोफाइल बिल्डिंग’ या नावाने चालणारा बहुतेक व्यवसाय त्याच्याच जोरावर चालतो आणि पालकांची सर्वाधिक दिशाभूलही येथेच होते. अमेरिकेतली बरीच महाविद्यालये ज्या सामाईक अर्जाद्वारे (‘कॉमन ॲप’) प्रवेश देतात, त्यात विद्यार्थ्याला जास्तीत जास्त दहा उपक्रम लिहिता येतात आणि प्रत्येकाच्या वर्णनाला १५० अक्षरचिन्हांची मर्यादा असते. शिवाय तो उपक्रम नववी ते बारावीपैकी कोणत्या वर्षांत केला, आठवड्याला किती तास दिले आणि वर्षातले किती आठवडे दिले, हेही नोंदवावे लागते. दहा ओळी भरायच्याच म्हणून दहा उपक्रम घेतलेल्या मुलाने प्रत्येकी पाच तास लिहिले, तर बेरीज आठवड्याला पन्नास तास होते, आणि महाविद्यालय व क्लास सांभाळणाऱ्या सतरा वर्षांच्या मुलाला हे शक्य नाही, हे वाचणाऱ्याला कळायला वेळ लागत नाही. अमेरिकेतली एमआयटी तर स्वतःच्या अर्जात केवळ चारच उपक्रम विचारते.

हार्वर्डविरुद्ध चाललेल्या प्रवेशविषयक खटल्यात तेथील मूल्यमापनाची पद्धत न्यायालयासमोर आली. अभ्यासेतर कामगिरीला तेथे स्वतंत्र श्रेणी दिली जाते, परंतु विशेष ठसा न उमटवता केवळ सहभागी झालेल्या विद्यार्थ्याला मधली, म्हणजे सर्वसाधारण श्रेणी मिळते. वरची श्रेणी एखाद्या कामात खोलवर गेलेल्यांसाठी असते. हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विद्याशाखेने २०१६ साली काढलेल्या अहवालात तर दोन-तीन अर्थपूर्ण उपक्रमांहून अधिक काही लिहिण्याचे दडपण विद्यार्थ्यांना वाटू नये, अशी शिफारस केली होती. तरीही आपल्याकडे अकरावीत घाईने स्थापन केलेल्या आणि प्रवेशपत्र हाती पडताच बंद होणाऱ्या ‘सामाजिक संस्था’ निघत राहतात, आणि पैसे भरून नाव छापून आणता येणारे ‘शोधनिबंध’ विकले जातात. ज्या मुलांच्या मदतीच्या नावाने अशी संस्था निघते, त्यांना वर्षभराने कोणी विचारतही नाही, हे मला यातले सर्वांत वाईट वाटते.

ब्रिटनची रीत अमेरिकेपेक्षा वेगळी आहे. तेथील अर्जासोबतच्या वैयक्तिक निवेदनात २०२६ च्या प्रवेशापासून तीन प्रश्नांची उत्तरे एकूण ४,००० अक्षरचिन्हांत द्यायची असतात आणि सगळा भर निवडलेल्या विषयावर असतो. भौतिकशास्त्रासाठी अर्ज करणाऱ्या मुलाचे विशारदपर्यंतचे गायन कौतुकाचे असले तरी तेथे त्याचा फारसा उपयोग होत नाही. त्याने पुण्यातल्या ज्योतिर्विद्या परिसंस्थेच्या, म्हणजे हौशी खगोलप्रेमींच्या संस्थेच्या, आकाशनिरीक्षणांना नियमित जाऊन स्वतः नोंदी ठेवल्या असतील, किंवा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रामध्ये विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात प्रकल्प मांडला असेल, तर त्यावर लिहिण्यासारखे पुष्कळ असते. म्हणजे परदेशापुरते पाहिले तरी ‘प्रवेशाला चालणारा उपक्रम’ असा एकच काही प्रकार नाही. एका देशासाठी जमवलेली सामग्री दुसऱ्या देशात निरुपयोगी ठरू शकते.

खर्चाच्या बाबतीत तुलना फारच एकतर्फी आहे. प्रवेशासाठी आखलेल्या मार्गावर सल्लागाराचे शुल्क, परदेशी उन्हाळी वर्गांचे शुल्क आणि प्रवास असे खर्च एकामागून एक येत राहतात. आवडीचा मार्ग पुण्यात तुलनेने स्वस्त आहे. आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेची महिन्याच्या दुसऱ्या शनिवारची व्याख्याने शालेय विद्यार्थ्यांना खुली असतात, गणिताची गोडी असणाऱ्याला भास्कराचार्य प्रतिष्ठानचे मार्गदर्शन मिळू शकते, आणि पेठांमध्ये आजही माफक शुल्कात मनापासून शिकवणारे गुरुजी आहेत. खरी टंचाई वेळेची आहे. वाकडहून सदाशिव पेठेत येऊन परत जाण्यात संध्याकाळ संपते आणि इंटिग्रेटेड (महाविद्यालय आणि प्रवेशपरीक्षेची तयारी एकत्र करणाऱ्या) क्लासचे वेळापत्रक रविवारही सोडत नाही. त्यामुळे जे चालू ठेवायचे ते घराजवळ, आठवड्यातून दोनदा, पण न चुकता, असे ठरवणे अधिक व्यवहार्य आहे.

आवडीची बाजू घेताना तिच्या उणिवाही सांगितल्या पाहिजेत. चौदाव्या वर्षीची आवड पुष्कळदा बदलते, आणि कधी कधी ती मुलाची नसून आईवडिलांचीच असते. बाहेरची मुदत नसेल, तर रियाज आज नाही उद्या असा ढकलला जातो. गांधर्व महाविद्यालय मंडळाची मध्यमा परीक्षा द्यायची म्हणून शास्त्राचा पेपर वाचणाऱ्या मुलीला एरवी कधीच न भेटलेले राग भेटतात, आणि परीक्षेसाठी सुरू झालेली गोष्ट पुढे तिची स्वतःची होते. त्यामुळे गुण किंवा प्रमाणपत्र हा हेतू मी सरसकट कमी लेखणार नाही. प्रमाणपत्र मिळाल्यावर मूल तेच काम पुन्हा करायला बसते का, एवढेच पाहावे. बसत असेल तर सुरुवात कोणत्या हेतूने झाली होती, हा प्रश्न उरत नाही.

आवडीने काम करणाऱ्यांचे एक नुकसान मात्र खरोखर होते आणि ते टाळता येण्याजोगे आहे. ही मुले नोंद ठेवत नाहीत. गणेशोत्सवाआधी कित्येक आठवडे ढोल-ताशा पथकाच्या सरावाला जाणारी, नव्या वादकांना हात शिकवणारी मुलगी याला कधी ‘उपक्रम’ म्हणतच नाही, कारण त्याचे प्रमाणपत्र नसते. सामाईक अर्जात तिने किती तास दिले, किती जणांना शिकवले आणि कोणती जबाबदारी घेतली एवढे खरेखुरे लिहिले, तर विकत घेतलेल्या इंटर्नशिपपेक्षा ते निश्चितच वजनदार ठरेल. खेळाडूंच्या बाबतीत ही हयगय अधिक महागात पडते. क्लबच्या खासगी स्पर्धेतले यश आणि जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत होणाऱ्या शालेय स्पर्धांतले यश यांची किंमत वाढीव गुणांच्या दृष्टीने सारखी नसते, आणि गुणांचा प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो.

सीईटी किंवा नीट हेच दार नक्की असेल, तर एकच आवडीचा उपक्रम ठेवावा आणि त्याच्याकडून प्रवेशाची काहीही अपेक्षा करू नये. तो बंद करून वाचलेला वेळ अभ्यासातच जातो, असे गृहीत धरू नये, कारण तो बहुधा मोबाइलमध्ये जातो. राष्ट्रीय पातळीवर खेळणाऱ्या किंवा गाणाऱ्या मुलाच्या पालकांनी आयआयटीच्या अतिरिक्त जागांचे आणि दिल्ली विद्यापीठाचे नियम अकरावीतच वाचून ठेवावेत, कारण कोणती स्पर्धा धरली जाते हे आधी कळले तर त्या वर्षीच्या स्पर्धांची निवड बदलता येते. अमेरिकेचा विचार असेल, तर नववीपासून चालत आलेल्या दोन-तीन गोष्टी अधिक खोलवर नेण्यात अकरावी घालवावी आणि नवे काही केवळ अर्जासाठी सुरू करू नये. ब्रिटनचा विचार असेल, तर त्या विषयाचे वाचन आणि प्रकल्प यांना प्राधान्य द्यावे आणि गाणे गाण्यासाठीच चालू ठेवावे.

दार अजून ठरलेलेच नसेल, आणि दहावीनंतर बहुतेकांचे ते ठरलेले नसते, तर आवडीचा मार्गच अधिक सुरक्षित आहे, कारण दार बदलले तरी ते काम वाया जात नाही. अशा वेळी महिन्याअखेरीस एका वहीत तारखा, तास, केलेले काम आणि शिकवणाऱ्यांचे नाव एवढी नोंद ठेवावी, सादरीकरणाचे ध्वनिमुद्रण किंवा छायाचित्र जपून ठेवावे, आणि बारावीच्या जूनमध्ये दार ठरल्यावर ती वही उघडून त्या अर्जाला काय हवे आहे ते तीमधून काढावे.