इलेक्ट्रिक गाडीने पुणे-सांगली: तिन्ही ऋतू काढल्यानंतरचा अनुभव

"किती देते?" हा प्रश्न पुण्यातल्या सोसायटीत जसा विचारतात तसाच सांगलीच्या गावभागातही विचारतात. फक्त तिकडे तो "किती देतीया ओ वहिनी?" असा येतो. तेव्हा उत्तर आधीच देऊन टाकते. कंपनीच्या कागदावर एका चार्जला साडेचारशे किलोमीटरच्या पुढचा आकडा आहे. आमच्या हातात, हायवेला, एसी लावून, दोन माणसं आणि मागे सामान असताना ती 270 ते 280 देते, तेही ताशी 80-85 ने चालवली तर. शंभरच्या वर काटा ठेवला की 230 वर आटोपते, कारण वेग वाढला की हवेचा विरोध त्याच्या वर्गाच्या पटीत वाढतो. पुणे ते सांगली साधारण 235 किलोमीटर. त्यामुळे एका चार्जमध्ये पोचायचं की नाही, हे माझा उजवा पाय ठरवतो.

गाडी देशी बनावटीची छोटी एसयूव्ही आहे, बॅटरी 40 किलोवॉट-तासाची. मॉडेलचं नाव देत नाही. लिहिलेलं बरंचसं या आकाराच्या कुठल्याही इलेक्ट्रिक गाडीला लागू पडेल. आम्ही दोघंही मूळचे सांगलीचे, लग्नानंतरची काही वर्षंही तिथेच काढली, मग नवऱ्याच्या नोकरीपायी पुण्याला आलो. गावभागातल्या घरात थोरले दीर आणि जाऊबाई असतात, त्यामुळे महिन्या-दीड महिन्याने चक्कर होतेच. चालवते मी. नवरा शेजारी बसतो आणि टक्के मोजतो. बॅटरी विसाच्या खाली गेली की त्याचं बोलणं बंद होतं, हा या गाडीचा मला अनपेक्षित मिळालेला फायदा.

जाताना कात्रजचा नवा बोगदा आणि खेड शिवापूरचा टोल सहज मागे पडतात. खरी परीक्षा खंबाटकीला. जुना बोगदा पुण्याकडे येणाऱ्या वाहनांना, त्यामुळे साताऱ्याकडे जाताना आम्हाला घाट चढावाच लागला. चढताना टक्के डोळ्यांदेखत उतरतात आणि पहिल्या वेळी धडकी भरते. पण घाट उतरताना ब्रेकऐवजी रिजनवर (वेग कमी होताना मोटरच बॅटरी भरते ती सोय) गाडी सोडली की खर्च झालेल्यातलं थोडंफार परत जमा होतं. पुणे समुद्रसपाटीपासून 560 मीटरच्या आसपास, सातारा 740 च्या, सांगली पुन्हा 550 च्या. त्यामुळे पहिल्या टप्प्यात गाडी जरा खादाड वाटते आणि पुढे सुधारते. हा फरक दोन-तीन टक्क्यांचाच, पण साताऱ्याला 57 टक्के बघून "निम्मंही अंतर झालं नाही" म्हणून घाबरणाऱ्यांसाठी मुद्दाम सांगते. सांगलीत आम्ही 14-15 टक्क्यांवर पोचतो.

पोचतो म्हणजे पोचू शकतो. प्रत्यक्षात मध्ये एकदा चार्जिंगला थांबतोच आणि कुठे थांबायचं यावरून दरवेळी वाद होतो. बॅटरी जितकी रिकामी तितकी ती लवकर भरते आणि ऐंशीच्या पुढे तर फारच सावकाश, म्हणून माझं मत कराडच्या आसपास थांबावं. तिथे चाळीसच्या खाली गेलेली असते आणि 50-60 किलोवॉटच्या चार्जरवर वीसेक मिनिटांत पंचवीस टक्के मिळतात, म्हणजे चहा पिऊन होईपर्यंत पुरेसं काम होतं. नवऱ्याचं मत साताऱ्याला थांबावं. कारण तो सुरक्षिततेचं देतो. खरं कारण कंदी पेढे.

चार्जिंग स्टेशनांबद्दल मात्र चांगलं बोलवत नाही. हॉटेलच्या आवारात चार्जर असतो, एकच गन (गाडीत खोचायचा प्लग) असते आणि तिच्यासमोर पेट्रोलची गाडी लावून मंडळी आत मिसळ खात बसलेली असतात. प्रत्येक कंपनीचं ॲप वेगळं, प्रत्येकात आधी पैसे भरा. आमचे दोन-तीन वॉलेटांत मिळून पाचेकशे रुपये कायमचे पडून आहेत. एकदा भर दुपारी चार्जर चालू झाला, दोन मिनिटांत बंद पडला आणि गन काही सुटेना. तिथला पोरगा शांतपणे म्हणाला, "ओ मॅडम, जरा थांबा, लाईट घालवून परत देतो." त्याने मेन स्विच पाडला, परत चढवला आणि गन सुटली. ग्राहक सेवा केंद्राचा फोन अजून होल्डवरच होता.

शेंद्र्याच्या पुढे सहापदरीकरणामुळे सतत डायव्हर्जन. पेट्रोल गाडीत याचा वैताग यायचा. या गाडीला मात्र रखडत चालणं मानवतं, चाळीस-पन्नासच्या वेगात ती सगळ्यात कमी वीज खाते. पेठ नाक्याला हायवे सोडून इस्लामपूर (आताचं ईश्वरपूर), आष्टा करत सांगलीकडे वळलं की ऊस. हंगामात दोन-दोन ट्रॉल्यांचे ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर नशीब. त्यांच्यामागून संध्याकाळी चालताना पाय उचलला की गाडी आपोआप हळू होते, क्लच-गिअरची कसरत नाही. या एका सोयीसाठी मी आता मॅन्युअल गाडीकडे परत जाणार नाही.

आता मुख्य मुद्दा. गाडी घेताना सगळे रेंज विचारतात, पलीकडच्या घराची वायरिंग कोणी विचारत नाही. गाडीसोबत मिळणारा पोर्टेबल चार्जर 15 अँपिअरच्या साध्या सॉकेटवर चालतो, रात्रभर लावला की झालं, असं शोरूममध्ये सांगतात. आमच्या सांगलीच्या घरी चार्जर लावला तर लाल दिवा. दुसऱ्या सॉकेटला लावला, लाल दिवा. वायरमन आला, टेस्टर फिरवला आणि म्हणाला, "वहिनी, घराला अर्थिंगच नाही ओ. नुसत्या तीन भोकांच्या पाट्या बसीवल्यात." म्हणजे इतकी वर्षं फ्रिज, गिझर, मिक्सर सगळं देवाच्या भरवशावर चाललेलं होतं. चार्जर स्वतः अर्थिंग तपासतो आणि नसेल तर वीज घेतच नाही. त्याचा राग करू नका, त्याचं बरोबर आहे.

मग परसात खड्डा घेतला, रॉड ठोकला, भोवती कोळसा आणि मीठ घालून बुजवलं. कृष्णाकाठची काळी माती ओल धरते, अर्थिंगला उत्तम. मीटरपासून 4 चौरस मिलिमीटरची वेगळी वायर ओढली, वेगळा एमसीबी (भार जास्त झाला की वीज तोडणारा स्विच) आणि सोबत आरसीसीबी (वीज गळली की तोडणारा) बसवला. भाऊजींना आधी हे सगळं पुणेरी चोचले वाटले. गिझरला हात लावल्यावर येणाऱ्या झिणझिण्या थांबल्यावर मात्र त्यांनीच गल्लीत चार जणांना तो वायरमन सुचवला. तरी संध्याकाळी सात ते दहा विजेचा दाब (व्होल्टेज) इतका पडतो की चार्जर कुरकुरतो. रात्री अकरानंतर लावायचा, बारा-तेरा तासांत दहाचे शंभर होतात. चाळीसेक युनिटं जळतात. घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो, एका मुक्कामात बिल वरच्या टप्प्यात जातं. जाऊबाई पैसे घेत नाहीत, म्हणून नवरा आता परस्पर ॲपवरून त्यांचं बिल भरतो.

पावसाळ्याबद्दल वेगळं लिहायला हवं. सांगलीत जुलै-ऑगस्टमध्ये नमस्कारानंतरचा पहिला प्रश्न "आयर्विनला किती फूट?" हाच असतो. कृष्णेवरचा 1929 सालचा तो आयर्विन पूल हीच आमची पुराची मोजपट्टी. 40 फूट इशारा पातळी, 45 धोका पातळी, 2019 ला पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं. बॅटरीला आयपी67 मानांकन आहे, त्यामुळे काळजी नको, असं सेल्समन सांगतो. त्या मानांकनाचा अर्थ एक मीटर पाण्यात अर्धा तास, एवढाच. आमच्याकडचं पाणी अर्ध्या तासात परत जात नाही, आठवडा काढतं. कोयनेचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की आम्ही गाडी विश्रामबागला मावसभावाकडे लावतो आणि गावभागात रिक्षाने येतो. इन्शुरन्समध्ये पुराच्या नुकसानीत बॅटरी पूर्ण धरलेली आहे का, हे पॉलिसी हातात घेऊन वाचा.

उन्हाळ्यात एसीपायी आठ-दहा टक्के रेंज जाते. चाळीस अंशांत हायवेवरून आल्या आल्या फास्ट चार्जरला लावली तर बॅटरी तापलेली असते आणि ती वीज हळू घेते.

खर्चाचं गणित: जुन्या गाडीला एका बाजूने सोळा लिटर पेट्रोल लागायचं, म्हणजे सोळाशेच्या वर. आता पुण्यातून घरच्या विजेवर भरून निघालं की चारशे, वाटेतल्या चार्जरचे अडीचशे. तिथे युनिटला वीसेक रुपये आणि वर 18 टक्के जीएसटी लागतो. टोलमाफीच्या आशेने कोणी घेणार असेल तर थांबा. राज्याने माफी दिली ती एक्सप्रेसवे, समृद्धी, अटल सेतूला. इथे खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे तिन्हीकडे फास्टॅग वाजतो.

हरभट रोडला एक अडचण येते: गाडीचा आवाजच नाही. मंडईतून पिशव्या घेऊन निघालेली माणसं मधोमध चालतात, त्यांना मागे काही आहे हे कळत नाही आणि हॉर्न दिला की दचकतात. मी काच खाली करून "ओ काका, जरा बाजूला" म्हणते. हरिपूरच्या रस्त्याला मात्र हीच शांतता आवडते. संगमेश्वराला जाताना पूर्वी स्कूटरवर ओरडून बोलायचो, आता नवरा हळू आवाजात शाळेतले किस्से सांगतो. तेच सांगतो, पण सांगतो.

डिकी लहान आहे. हळदीचं पोतं आणि बेदाण्याचा खोका बसला की भडंगाच्या पिशव्या मागच्या सीटवर. बॅटरीच्या वजनाने गाडी जड, टायर अपेक्षेपेक्षा लवकर झिजले, पुढच्या दिवाळीआधी बदलावे लागतील. डॅशबोर्डमधून डाव्या बाजूला येणारी किरकिर दोनदा सर्व्हिसिंगला दाखवली, तिथे गेल्यावर ती येत नाही.