व्हॉट्सअ‍ॅपवर गिऱ्हाईक आणणारी मेटाची जाहिरात: छोट्या दुकानदारासाठी पारख

फेसबुक-इन्स्टाग्रामवर दिसणारी, खाली ‘मेसेज पाठवा’चं बटण असलेली आणि ते दाबलं की थेट दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर नेणारी जाहिरात. ज्यांची स्वतःची वेबसाइट नाही, ज्यांचं गिऱ्हाईक भाव विचारल्याशिवाय पैसे काढत नाही, अशा धंद्यांना मेटाच्या सगळ्या जाहिरातप्रकारांत हाच सर्वांत जास्त उपयोगी आहे. हापूसच्या पेट्या, दिवाळीचा फराळ, पैठणी, घरगुती मसाले, क्लासेस, सगळ्यांना तो चालतो. मात्र ही जाहिरात पोस्टखालच्या ‘बूस्ट’ बटणातून न देता अ‍ॅड्स मॅनेजरमधून, म्हणजे मेटाच्या जाहिराती बनवण्या-चालवण्याच्या पूर्ण साधनातून द्यावी, कारण पैसा वाया जाण्याच्या बहुतेक वाटा बूस्टपासून सुरू होतात.

बूस्ट सोपं आहे: पोस्ट निवडा, दिवस टाका, रक्कम टाका, झालं. व्हॉट्सअ‍ॅपचा पर्याय तिथेही असतो. पण घाईत उद्दिष्ट ‘प्रोफाइल भेटी’वर राहिलं, तर यंत्रणा प्रोफाइल उघडून पाहणारी माणसं शोधते. ती माणसं प्रोफाइल बघतात आणि निघून जातात. शिवाय तिथे एकाच पोस्टवर पैसे लागतात. पेटीचा फोटो चालतो की आंबा कापतानाचा व्हिडिओ, हे शेजारी ठेवून तपासता येत नाही. लोकप्रिय गाणं लावलेली रील तर हक्कांच्या कारणाने बूस्टच होत नाही. आयफोनवाल्यांनी आणखी एक बघावं: अ‍ॅपमधून केलेल्या बूस्टवर अ‍ॅपलचं 30 टक्के सेवाशुल्क लावायला 2024 मध्ये अमेरिकेतून सुरुवात झाली. म्हणून पैसे भरण्याआधी रकमेचा तपशील वाचावा. ब्राउझरमधून जाहिरात दिली तर हे शुल्क लागत नाही.

अ‍ॅड्स मॅनेजरची रचना तीन पायऱ्यांची आहे: कॅम्पेन (उद्दिष्ट काय), अ‍ॅड सेट (कोणाला, कुठे, किती पैशांत), अ‍ॅड (फोटो आणि मजकूर). आधी फेसबुक पेजच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसचा नंबर ओटीपी टाकून जोडून घ्यावा. कॅम्पेनमध्ये ‘एंगेजमेंट’ उद्दिष्ट घ्यावं, अ‍ॅड सेटमध्ये मेसेजचं ठिकाण म्हणून व्हॉट्सअ‍ॅप निवडावं आणि ध्येय ‘जास्तीत जास्त संभाषणं’ ठेवावं. ‘ट्रॅफिक’ घेतलं तर क्लिक स्वस्त दिसतात, पण बटण दाबून एक शब्दही न लिहिणारे लोक त्यात भरपूर येतात.

सर्वांत जास्त चूक होते ती जागा निवडताना. शहराचं नाव टाकून वर्तुळ घेतलं तर त्याची त्रिज्या किमान 17 किलोमीटरची असते. डोंबिवलीत घरपोच डबे देणाऱ्याने असं केलं, तर कल्याण, उल्हासनगर, ठाणे सगळं त्यात येतं आणि ‘ठाण्याला पाठवता का’ यालाच उत्तरं देत बसावं लागतं. नकाशावर पिन टाकली की 1 किलोमीटरपर्यंत खाली येता येतं. जिथे डिलिव्हरी देत नाही तो भाग दुसरी पिन टाकून वगळावा. वय, आवडीनिवडी यांच्यावर फार वेळ घालवू नये: ‘अ‍ॅडव्हांटेज प्लस ऑडियन्स’ (प्रेक्षक मेटाने स्वतः शोधायची सोय) चालू असताना आवडीनिवडी आणि वयाचा पट्टा ही मेटासाठी फक्त सूचना असते, बंधन नसतं. ठिकाण मात्र पाळलं जातं. भाषेचा रकाना कोरा सोडावा. मराठी घरांत फोन इंग्रजीत ठेवणारे खूप असतात, आणि तिथे ‘मराठी’ निवडलं की त्यातले अनेक जण बाहेर पडू शकतात. मजकूर मराठीत लिहिला की ज्याला वाचायचं तो थांबतोच.

मजकुराबद्दल आमचं मत ठाम आहे: भाव लिहा. ‘भावासाठी मेसेज करा’ असं लिहिलं की चौकश्या वाढतात, विक्री तेवढी वाढत नाही. डझनाचा भाव, फळाचं वजन, कुठला आंबा, डिलिव्हरीचा दिवस, हे पहिल्या दोन ओळींत हवं. साधारण 125 अक्षरांनंतर मजकूर ‘आणखी पहा’मागे दडतो, आणि देवनागरीत काना-मात्रा वेगळं अक्षर म्हणून मोजले जातात. त्यामुळे वाटतं त्यापेक्षा जागा कमीच मिळते. फोटो 1080 बाय 1350, रील 1080 बाय 1920. रीलमध्ये वरचे 14 टक्के आणि खालचे 35 टक्के मोकळे सोडावेत, नाहीतर भावाची पाटी नेमकी बटणाखाली जाते. मजकूर आपोआप बदलणारे ‘सुधारणा’ पर्याय बंद ठेवावेत, कारण त्यात शीर्षक आणि मुख्य मजकुराची अदलाबदल होऊ शकते.

नामंजुरीचं एक नेहमीचं कारण इथेच सांगायला हवं. वाचणाऱ्याच्या आजाराकडे किंवा शरीराकडे थेट बोट दाखवणारं वाक्य चालत नाही. ‘तुम्हाला मधुमेह आहे का?’ ही जाहिरात अडकते. ‘साखर न घालता केलेले लाडू’ ही जाते.

आता बजेट. जाहिरात कोणाला दाखवावी हे यंत्रणेला शिकायला एका अ‍ॅड सेटमागे आठवड्यात सुमारे 50 संभाषणं लागतात. एका संभाषणाला 60 रुपये पडतात असं धरलं तर आठवड्याला 3,000 रुपये झाले, त्यावर 18 टक्के जीएसटीचे 540. दिवसाला 150 रुपयांचे तीन अ‍ॅड सेट चालवण्यापेक्षा 450 चा एकच चालवावा. आणि मग हात आवरावा! रोज फोटो बदल, रोज वर्तुळ बदल असं केलं की शिकणं पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. आंब्याचा मोसम मुळात थोड्या आठवड्यांचा, त्यातले दोन असे गेले तर भरून निघत नाहीत. जीएसटी नोंदणी असेल तर बिलिंगमध्ये क्रमांक आधीच भरावा, म्हणजे हा कर इनपुट क्रेडिटमध्ये, म्हणजे स्वतः भरायच्या जीएसटीतून वजा धरता येतो. कंपोझिशन योजनेतल्यांना ती सोय नाही, त्यांनी 18 टक्के खर्चातच मोजावेत.

‘लाइफटाइम बजेट’ घेतलं की ठरावीक तासांतच जाहिरात चालवता येते. उत्तर द्यायला माणूस सकाळी 9 ते रात्री 9 असेल, तर तेवढ्याच वेळात चालवावी. रात्री बाराला आलेल्या चौकशीला सकाळी दहाला उत्तर दिलं, तर तोवर गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात बोलून मोकळं झालेलं असतं.

व्हॉट्सअ‍ॅप बिझनेस अ‍ॅप फुकट आहे आणि त्याची तयारी जाहिरातीआधी व्हायला हवी. जाहिरातीवरून आलेल्या गिऱ्हाईकाच्या चॅटमध्ये आधीपासून भरलेलं इंग्रजी वाक्य काढून ‘5 डझनाच्या पेटीचा भाव सांगा’ असं नेमकं वाक्य घालावं. कॅटलॉग, नेहमीची उत्तरं आणि लेबलं लावून ठेवावीत: नवी चौकशी, पैसे बाकी, माल पोचला. स्वागत-संदेश फक्त पहिल्यांदा लिहिणाऱ्याला किंवा 14 दिवस गप्प असलेल्यालाच जातो, म्हणून त्याच्यावर विसंबू नये. ब्रॉडकास्ट यादीतला निरोप आपला नंबर सेव्ह केलेल्यांनाच मिळतो, तेव्हा पहिल्याच ऑर्डरला नंबर सेव्ह करायला सांगावं. हजारो नंबरांना एकदम मेसेज टाकणारी बाहेरची सॉफ्टवेअर घेऊ नयेत. ती व्हॉट्सअ‍ॅपच्या नियमांत बसत नाहीत, नंबर बंद पडतो आणि त्याबरोबर जाहिरातीचं दारही.

या साधनाची मोठी उणीव हिशेबाची. ‘संभाषण सुरू झालं’ हा आकडा सात दिवसांच्या खंडानंतर पुन्हा लिहिणाऱ्यालाही मोजतो. म्हणजे जुनं गिऱ्हाईक जाहिरातीवरून आलं तरी ते आकड्यात भर घालतं. नवे संपर्क दाखवणारा वेगळा रकाना रिपोर्टमध्ये जोडून घ्यावा. विक्री तर तिथे दिसतच नाही, कारण पैसे यूपीआयने वेगळीकडे येतात. वहीत तीन रकाने पुरतात: चौकशी, ऑर्डर, नफा. 3,540 रुपयांत 50 चौकश्या आणि 6 ऑर्डरी आल्या, तर एका ऑर्डरीला 590 रुपये पडले. पेटीमागे 400 सुटत असतील तर ही जाहिरात तोट्यात आहे, मग रिपोर्टमधला चौकशीचा दर कितीही स्वस्त दिसो.

काम एजन्सीला देणार असाल तर अ‍ॅड अकाउंट दुकानाच्या नावाने, दुकानाच्या बिझनेस पोर्टफोलिओत (पेज, अ‍ॅड अकाउंट एकत्र सांभाळणाऱ्या मेटाच्या खात्यात) उघडा आणि एजन्सीला पार्टनर म्हणून जोडा. पासवर्ड देऊ नका. एजन्सीच्या अकाउंटवरून जाहिराती चालल्या तर काम थांबलं की मागच्या मोसमाचे आकडे आणि जमवलेला प्रेक्षकवर्ग तिच्याकडेच राहतो, आणि पुढच्या मार्चात पुन्हा कोऱ्या पाटीवरून सुरुवात करावी लागते.